बिंदुसरेवरचा पूल : पाणी कुठून जाणार?



वाहतुकीचे मार्ग शिकवताना पूल आपण बहुतेक वेळा एका वाक्यात उरकतो. ‘नदी ओलांडण्यासाठी बांधलेली रचना म्हणजे पूल.’ मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळतात. वाक्यात चूक काहीच नाही. फक्त ते रस्त्यावर उभं राहून केलेलं वाक्य आहे. पुलाखाली उतरून नदीच्या बाजूनं पाहिलं, तर पूल म्हणजे नदीच्या पात्रात आपण घातलेला अडथळा, आणि त्या अडथळ्यात पाण्यासाठी सोडलेली दारं. दारं किती, केवढी आणि किती उंच, यावर तो पूल टिकणार की जाणार हे बरंचसं ठरतं. या पाठात पूल असा खालून बघायचा आहे.

उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. बीड शहराच्या मधून बिंदुसरा वाहते. एका अंगाला जुन्या वेशींचं शहर, दुसऱ्या अंगाला पेठ बीड. सोलापूर-धुळे महामार्गालाही शहरातून जाताना हीच नदी ओलांडावी लागते. बालाघाटाच्या डोंगरात उगम, पालीजवळ धरण, मग शहर, पुढे सिंदफणेला मिळणं, आणि सिंदफणेतून माजलगावच्या धरणावाटे मंजरथला गोदावरी. हा प्रवास फळ्यावर एका वाकड्यातिकड्या रेघेनं काढा. आपल्या गावातल्या पुलाखालून गेलेलं पाणी गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात जातं हे मुलांना एकदा दिसलं, की नदी ‘गावातला नाला’ राहत नाही.

आता वर्गात एक प्रश्न टाका. उन्हाळ्यात बिंदुसरेत पाणी किती असतं? हसू येईल. कुठे डबकं, कुठे गटाराचं काळं पाणी, बाकी दगडगोटे आणि गवत. मग दुसरा प्रश्न : एवढ्याशा धारेसाठी एवढा लांब पूल कशाला? दोन नळे टाकून वर माती भरली असती तर काय बिघडलं असतं? मुलांना वाद घालू द्या. काहीजण म्हणतील, पैसे वाचले असते. एखादी मुलगी म्हणेल, ‘पण पावसाळ्यात?’ तिथून पाठ सुरू होतो.

आपल्याकडचा पाऊस वर्षाला साधारण साडेसहाशे-सातशे मिलीमीटर. कोकणाच्या मानानं हे काहीच नाही. दुष्काळ, टँकर, ऊसतोडीला जाणारी माणसं हीच आपल्या जिल्ह्याची ओळख झाली आहे, आणि म्हणूनच पूर हा शब्द आपल्याला परका वाटतो. पण कमी पावसाच्या मुलखाची एक खोड असते. वर्षाचा पाऊस थोडा असला तरी तो वर्षभर वाटून पडत नाही. कधी कधी त्यातला मोठा हिस्सा एका रात्रीत ओतला जातो. डोंगर उघडे, उतार तीव्र, खाली काळा पाषाण. पाणी मुरत नाही, धावतं. म्हणून आपल्या नद्या कोरड्याच्या भरल्या व्हायला फार वेळ लागत नाही. खेड्यात याला लोंढा म्हणतात, आणि तो शब्द फार नेमका आहे. लोंढा चढत नाही, येतो.

२३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला असाच पूर आला आणि बीड शहरातल्या नदीकाठच्या वस्त्यांमध्ये माणसं आणि घरं गेली. आज वर्गात बसलेल्या मुलांना ही गोष्ट माहीत नसते, पण त्यांच्या आजी-आजोबांना माहीत असते. पुस्तकात नसलेला हा धडा घरातच आहे. पालकांनी इथे मदत करावी. त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं, कोणत्या भिंतीपर्यंत, कोणत्या पायरीपर्यंत, हे घरातल्या मोठ्यांना विचारून मुलांनी वहीत लिहावं. अशा खुणांना अभियंते फार किंमत देतात. पूल बांधण्याआधी ते गावात येऊन हेच विचारतात : बाबा, सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलेलं आठवतं? त्या उत्तरांतून आणि मोजमापांतून जी रेघ ठरते ती सर्वोच्च पूरपातळी. गर्डरचा तळ या रेघेच्या वर ठेवायचा, आणि वर ठेवायचा म्हणजे टेकवून नाही. मधे मोकळी जागा सोडून, कारण पुराबरोबर झाडं, कडबा, मेलेली जनावरं असं सगळं वाहत येतं. ते पुलाला अडकलं की पूल धरण बनतो.

थोडं गणित करू. सातवी-आठवीच्या मुलांना हे सहज जमतं. एक चौरस किलोमीटर जमीन म्हणजे १० लाख चौरस मीटर. तिच्यावर १०० मिलीमीटर, म्हणजे ०.१ मीटर पाऊस पडला, तर पाणी झालं १ लाख घनमीटर. एका घनमीटरात १,००० लीटर, म्हणून १० कोटी लीटर. आपल्या मुलांना लीटर कळत नाही, टँकर कळतो. १० हजार लीटरचा एक टँकर धरला, तर हे झाले १० हजार टँकर. एका चौरस किलोमीटरचे! नदीचा पाणलोट किती चौरस किलोमीटर आहे हे तालुक्याच्या नकाशावर चौकोन आखून मोजायला लावा, आणि गुणाकार मुलांनाच करू द्या. सगळं पाणी नदीत येत नाही, काही मुरतं, काही तलावांत आणि बांधांत अडतं, हे सांगायला विसरू नका. निम्मं धरा. तरी आकडा पाहून वर्ग गप्प होतो.

आता हेच पाणी पुलाखालून जायचं आहे. समजा नदीचं पात्र ६० मीटर रुंद आहे, पाणी ३ मीटर खोल आणि वेग सेकंदाला २ मीटर. तिन्हींचा गुणाकार ३६० घनमीटर. म्हणजे दर सेकंदाला ३६ टँकर पाणी. आता पुलाच्या जाड खांबांनी, काठावर टाकलेल्या राडारोड्यानं आणि पात्रात सरकलेल्या बांधकामांनी यातली तिसरा हिस्सा जागा अडवली. रुंदी उरली ४० मीटर. पाऊस काही तुमच्यासाठी कमी पडणार नाही; ३६ टँकर यायचे ते येणारच. मग एक तर पाणी उंच चढेल, नाही तर वेग वाढेल. प्रत्यक्षात दोन्ही होतं. पाणी उंच चढलं तर वरच्या बाजूच्या वस्तीत शिरतं. उंची तीच राहिली असं धरलं, तर वेग सेकंदाला ३ मीटर व्हावा लागेल. दोनाचा तीन, एवढंच ना? पण पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गानं वाढतो, दीडपट वेग म्हणजे सव्वादोन पट धक्का. आणि तळातले दगड ढकलून नेण्याची ताकद तर त्याहून कितीतरी झपाट्यानं वाढते. जुना नियम असा आहे की वाहतं पाणी जेवढ्या वजनाचा दगड लोटू शकतं, ते वजन वेगाच्या सहाव्या घातानं वाढतं. दीडचा सहावा घात काढायला लावा. अकरापेक्षा जास्त येतो. काल एक किलोचा गोटा हलवणारं पाणी आज अकरा किलोचा धोंडा गडगडत नेतं.

नदीपात्रात भर टाकून जागा काढणाऱ्यांना हे गणित कुणी शिकवलेलं नसतं. मुलांना शिकवता येईल.

जुने पूल दगडी कमानींचे का, आणि नवे सपाट का, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. आपल्या मराठवाड्यात याची चांगली उदाहरणं आहेत. छत्रपती संभाजीनगरला खाम नदीवर मकाई दरवाजा, महमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा यांना लागून जुने पूल आहेत. सहल पाणचक्कीला नेली तर महमूद दरवाजाचा पूल तिथेच पायाखाली असतो. तिथे मुलांना कमान नीट दाखवा. दगड दाब फार सोसतो, ताण अजिबात सोसत नाही. फरशीचा लांब तुकडा दोन विटांवर ठेवून मधे पाय दिला की तो खालच्या बाजूनं तडकतो, कारण खालची बाजू ताणली जाते. कमानीत दगड पाचरीसारखे घडवलेले असतात, वरचा भार प्रत्येक दगड शेजाऱ्यावर ढकलतो आणि शेवटी तो काठाच्या भक्कम बांधकामात उतरतो. सगळा दाबच दाब, ताण कुठे नाही. म्हणून चुन्यात बसवलेले दगड शेकडो वर्षं जागचे हलत नाहीत. वर्गात करायचं असेल तर बटाट्याच्या पाचरी कापून कमान लावा. आधी खाली वाटी उपडी ठेवा, तिच्यावर पाचरी रचा, सगळ्यात वरचा तुकडा घट्ट बसला की वाटी हळूच काढा. वाटी म्हणजे सेंट्रिंग. दोन-तीनदा कोसळेल, मग जमेल. दोन्ही बाजूंना जाड पुस्तकं लावायला विसरू नका, नाहीतर पाय फाकून कमान बसते. असं का झालं हे मुलांनाच सांगू द्या.

पण दगडी कमानीला एक मर्यादा आहे. ती फार लांब जात नाही. त्यामुळे नदी ओलांडायला पुष्कळ कमानी लागतात, पुष्कळ कमानींना पुष्कळ खांब लागतात, आणि ते खांब जाडजूड असतात. हैदराबादचा पुराना पूल पाहा. मुसी नदीवरचा हा पूल कुतुबशाहीत १५७८ साली बांधला. लांबी सुमारे ६०० फूट आणि कमानी २२. भागाकार करा, एका कमानीच्या वाट्याला खांबासकट २७ फूट येतात. मुसीचं उदाहरण मुद्दाम घेतो आहे, कारण हैदराबाद ही एके काळी आपलीच राजधानी होती. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो पूर आला त्यात हैदराबादेत सुमारे १५ हजार माणसं गेली असं मानलं जातं. शहरातले इतर पूल त्या पाण्यानं मोडले, पुराना पूल जखमी झाला पण उभा राहिला. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. त्यांनी काय केलं, हे मुलांना जरूर सांगा. त्यांनी शहरातल्या पडक्या घरांकडे आणि मोडक्या पुलांकडे पाहून उत्तर शोधलं नाही. ते नदीच्या वरच्या अंगाला गेले. पाऊस कुठे किती पडला, पाणलोटातले तलाव किती आणि त्यातले फुटले किती, हे त्यांनी मोजलं. फुटलेले तलाव दोनशेहून अधिक निघाले. एक तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. शहरात पोचलेला पूर हा निव्वळ पावसाचा नव्हता. मग वरच्या अंगाला पाणी अडवून धरण्यासाठी उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं उभी राहिली. बिंदुसरेच्या काठावर राहणाऱ्यांनी या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच की शहरातल्या पुलाचं नशीब शहरात ठरत नाही. पालीच्या धरणाची चादर कोसळायला लागली की आपण ती बघायला सहकुटुंब जातो, फोटो काढतो. तेच पाणी पुढे आपल्या गल्लीजवळून जाणार असतं.

(पुण्याच्या लकडी पुलाची गोष्टही मुलांना आवडते. पानिपतानंतर १७६१ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेनं तो लाकडी बांधला होता. पुढे दगडी झाला, नावही छत्रपती संभाजी पूल असं बदललं, पण लोक अजून लकडी पूलच म्हणतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यातल्या पुलांवरून पाणी गेलं. एवढ्या पाण्याचा हिशेब हे पूल बांधताना कुणी केलेला नव्हता, आणि करणं शक्यही नव्हतं.)

आता नवा पूल कसा बांधतात ते पाहू. हा भाग मी थोडक्यात सांगतो, पण पाया सोडून. पायाला वेळ द्यायलाच हवा.

आपल्या भागात बहुतेक ठिकाणी थोडं खाली गेलं की मुरूम आणि मग काळा कातळ लागतो. कातळ जवळ असेल तर काम सोपं : माती-मुरूम काढायचा, कातळात खाच घ्यायची, तिथून काँक्रीटचा पाया उचलायचा. पण गोदावरीसारख्या नदीत वाळूचा थर खोल असतो. तिथे विहिरीचा पाया घेतात, आणि ही युक्ती आपल्या मुलांना चटकन कळते, कारण विहीर खोदताना त्यांनी पाहिलेली असते. फरक इतकाच की इथे आधी बांधतात आणि मग खोदतात. वाळूवर लोखंडी धारेचं गोल कडं ठेवायचं, त्यावर काँक्रीटची गोल भिंत उभी करायची, आणि आतली वाळू उपसत जायची. खालचा आधार गेला की भिंत स्वतःच्या वजनानं खाली बसते. वर पुन्हा भिंत वाढवायची, पुन्हा उपसायचं. अशी ती विहीर कातळाला किंवा पुरेशा खोलीला पोचली की तळ काँक्रीटनं बंद करतात, आत वाळू भरतात, वर टोपी घालतात आणि त्यावर खांब उभा राहतो. नदीतला खांब वरून दिसतो तेवढा नसतो. तो जमिनीखालीही तेवढाच, कधी त्याहून जास्त असतो.

एवढं खोल का जायचं? कारण पूर नदीचा तळ खरवडतो. पाणी खांबाला आदळतं, खांबाच्या पुढच्या अंगाला खाली वळतं, भोवरा होतो आणि तो खांबाच्या पायाशी खड्डा पाडतो. पूर भर जोरात असतो तेव्हा खड्डा सगळ्यात खोल असतो. पूर ओसरताना वाळू-गाळ येऊन तो पुन्हा भरतो. दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला तळ जसाच्या तसा दिसतो. धोका असतो तेव्हा दिसत नाही, दिसायची वेळ येते तेव्हा तो झाकलेला असतो. हा प्रयोग शाळेच्या पटांगणात अर्ध्या तासात होतो. पत्र्याचा लांबट ट्रे किंवा घमेलं घ्या, त्यात वाळू पसरा, मधे खडूची पेटी किंवा विटेचा तुकडा रोवा, एका बाजूनं नळीनं पाणी सोडा. विटेच्या पुढच्या कोपऱ्यांवर खड्डा पडलेला मुलांना दिसेल. मग एका वेळी वीट टोकदार बाजूनं पाण्याकडे करा. खड्डा लहान होतो. पुलाच्या खांबांना पाण्याच्या बाजूला गोल किंवा टोकदार नाक का असतं, याचं उत्तर कुणी सांगावं लागत नाही. हाच ट्रे वापरून वाळूउपशाची गोष्टही सांगता येते : विटेच्या खालच्या अंगाची वाळू हातानं काढून घ्या आणि पाणी सोडा. पुलाजवळून वाळू काढायला बंदी का असते हे दोन मिनिटांत समजतं. बंदी पाळली का जात नाही, हे मात्र मोठ्यांना विचारायचं.

सावित्री नदीवरच्या पुलाबद्दल वरच्या वर्गांना सांगाच. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ हा दगडी कमानींचा पूल होता, ब्रिटिश काळातला, १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर असताना तो कोसळला आणि दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका दिसला नव्हता, असं नंतर सरकारकडून सांगितलं गेलं. शेजारी दुसरा नवा पूल होता, तो उभा राहिला. कोसळलेल्या पुलाच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला केला. इतक्या लवकर पूल होऊ शकतो, ही गोष्ट एकीकडे अभिमानाची. पण मग जुना पूल थकला आहे हे कळूनही वर्षानुवर्षं टेंडर आणि मंजुरीत अडकलेली कामं बघितली की वाटतं, माणसं जाईपर्यंत आपल्याला घाई होत नाही.

पायाच्या वरचं काम त्या मानानं सरळ आहे. आपल्याकडे पाया आणि खांब दिवाळी ते जून याच काळात उरकावे लागतात, नदी कोरडी असते तेव्हा. पाऊस आला की कंत्राटदाराचा डायव्हर्जन म्हणून टाकलेला मातीचा रस्ता हमखास वाहून जातो आणि शहराचे दोन तुकडे होतात, हे कुठल्याही गावाला नवं नाही. खांबांवर बेअरिंग, बेअरिंगवर गर्डर, गर्डरवर स्लॅब. काँक्रीट टाकताना त्याच मालाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि ७ व्या आणि २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. पुलाची ही चाचणी परीक्षाच, असं म्हटलं की मुलांना मजा वाटते.

लांब गर्डरमध्ये आता पोलादी तारांचे जुडगे ताणून बसवतात. याला काय म्हणतात ते महत्त्वाचं नाही. समजावायला बैलगाडीचं चाक पुरतं. लोहार लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. धाव आकसते आणि चाकाचे सगळे तुकडे करकचून आवळले जातात. गाडी खड्ड्यातून गेली तरी चाक सुटत नाही, कारण भार यायच्या आधीच ते दाबून ठेवलेलं असतं. ताणलेल्या तारा काँक्रीटला अशाच आधीपासून आवळून ठेवतात. त्यामुळे दगडी कमानीला जिथे चार-पाच खांब लागले असते तिथे दोन पुरतात, आणि नदीला तेवढी जास्त वाट मिळते. नव्या पुलाचं खरं कौतुक याचं आहे. रुंद रस्ता आणि दिवे नंतर.

पुलावरून बस जाताना ठराविक जागी ‘धडक’ असा आवाज होतो, तो सांध्याचा. ३० मीटरचा गर्डर ३० अंश तापमानाच्या फरकानं सुमारे ११ मिलीमीटर लांबतो. त्याला हलायला फट सोडावीच लागते. त्या फटीत माती-खडी घट्ट बसली की गर्डर खांबाला ढकलायला लागतो. सांधे साफ ठेवणं आणि पाणी जायची भोकं मोकळी ठेवणं ही कामं खराटा आणि पहारीनं होतात, कोट्यवधींचा निधी लागत नाही. आपल्या पुलावरची भोकं मोकळी आहेत का, हे मुलांनी पदपथावरून, मोठ्यांच्या सोबतीनं बघून यावं. नसतील तर नगरपालिकेला वर्गाकडून एक अर्ज लिहिता येतो. अर्जलेखनाचा अभ्यासही होतो.

पूल पाणी मोजतोही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला. आज पावसाळ्यात सगळी सांगली रोज एकच विचारते, आयर्विनला पाणी किती? पुलाजवळ फुटांचे आकडे आहेत. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर. आकडा ऐकून कोणत्या गल्लीनं सामान हलवायचं, कोणी अजून थांबायचं, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. बीडच्या मुलांना बिंदुसरेचं असं काही विचारलं तर ती गप्प राहतात. आपल्या पुलाच्या खांबावर अशा खुणा आहेत का, असतील तर कुठल्या आकड्याला कोणती वस्ती बुडते, याचा तक्ता आठवीच्या मुलांना करता येईल. १९८९ च्या खुणा आजोबांकडून आणल्याच आहेत, त्या त्यात बसवा.

शेवटी खेड्यातल्या शाळांसाठी. तुमच्याकडे पूल नसेल, फरशी असेल किंवा नळकांडी पूल असेल, आणि मुलं त्यावरूनच शाळेत येत असतील. हे ठेंगणे पूल मुळातच पाणी वरून जाणार असं धरून बांधलेले असतात. कठडे नाहीत म्हणून आपण चिडतो. पण कठड्यात काटेरी झुडपं आणि कडबा अडकून पाणी तुंबतं, म्हणून काही ठिकाणी ते मुद्दामच ठेवत नाहीत किंवा काढता येतील असे बसवतात. याचा अर्थ एवढाच की पाणी वरून जात असताना हा पूल ओलांडण्यासाठी नाहीच.

‘गुडघाभर तर आहे, गाडी जाईल’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक बाबांना मुलांनी पुढचं गणित करून दाखवावं. लहान मोटार ४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद. तळाचं क्षेत्रफळ ६.४ चौरस मीटर. तळ जमिनीपासून साधारण १७ सेंटिमीटर वर. पाणी ४० सेंटिमीटर चढलं, म्हणजे तळ २३ सेंटिमीटर बुडाला. बुडालेलं आकारमान सुमारे १.४७ घनमीटर, म्हणजे पाणी गाडीला जवळपास १,४७० किलोंनी वर उचलू बघतं. रिकाम्या लहान गाडीचं वजन हजार किलोंच्या आतबाहेर. दारांच्या फटींतून पाणी आत शिरेपर्यंत ती गाडी होडी असते, आणि बाजूनं वाहणारं पाणी होडीचं काय करतं हे सांगायला नको. मोटारसायकल, सायकल आणि हात धरून चाललेली दोन मुलं यांचं गणित करायचीही गरज नाही.

पावसाळ्याआधी शाळेत पालकसभा असते. त्या सभेत हे गणित एखाद्या सहावीच्या मुलीला फळ्यावर करू द्या, आणि त्याच बैठकीत ठरवा की फरशीवर पाणी असेल त्या दिवशी पलीकडची मुलं गैरहजर धरली जाणार नाहीत.